वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं: मॅग्नेटोची चेन किती सैल, किती घट्ट

या वेळी पेटीत आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींच्या मॅग्नेटो चेनबद्दल होती (मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारं, इंजिनने चेनवर फिरणारं यंत्र), म्हणून सगळं सदर त्यालाच देतोय. पहिलं पत्र जरा मोठं आहे आणि त्याचं उत्तरही मोठं आहे, कारण बाकीच्या बऱ्याच जणांच्या शंका त्यातच मिटतात.

प्रश्न: माझ्याकडे युद्धानंतरची मॅचलेस 350 सिंगल (एका सिलिंडरची) आहे, मॅग्नेटो सिलिंडरच्या मागे प्लॅटफॉर्मवर बसलेला. टायमिंग साइडचं कव्हर काढलं तर चेन चांगलीच लोंबत होती, बोटाने दाबली की दीड-दोन सेंटीमीटर हलायची. मी प्लॅटफॉर्मचे नट ढिले करून मॅग्नेटो सरकवला, चेन मस्त टाइट केली, सगळं परत बसवलं. आता गाडी किकला मागे मारते आणि इंजिन गरम झालं की त्या बाजूने बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. चेन तर आता टाइट आहे, मग बिघडलं काय?

तुम्ही चेन टाइट केलीत हेच दोन्ही तक्रारींचं कारण आहे, पण दोन वेगळ्या वाटांनी. आधी आवाजाचं बघू.

मॅग्नेटोची चेन टाइट ठेवायची नसतेच. बहुतेक सिंगल्सना दोन स्प्रॉकेटच्या मधोमध वर-खाली मिळून साधारण 5 ते 6 मिमी खेळ लागतो, जुन्या हँडबुकमध्ये हा आकडा 3/16 ते 1/4 इंच असा दिलेला दिसतो, तुमच्या मॉडेलच्या हँडबुकात वेगळा असेल तर तोच धरा. आणि हा खेळ चेनच्या सगळ्यात घट्ट जागी मोजायचा, हे वाक्य प्रत्येक हँडबुकात असतं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. थंड इंजिनवर खेळ ठेवायचा तो यासाठी की इंजिन तापलं की अॅल्युमिनियमची केस स्टीलच्या चेनपेक्षा जवळपास दुप्पट फुगते, दोन स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं आणि चेन आपोआप ताणली जाते. तुम्ही इंजिन थंड असतानाच खेळ संपवलात, त्यामुळे गरम झाल्यावर चेन तारेसारखी ताणून बसतेय आणि तीच शिट्टी वाजतेय. असं चालवत राहिलात तर चेनचं फार काही होणार नाही, ती मजबूत असते, पण आर्मेचरचं, म्हणजे मॅग्नेटोच्या आत फिरणाऱ्या कॉइलच्या भागाचं, स्प्रॉकेटकडचं बेअरिंग आणि कॅमशाफ्टचा बुश हे दोन्ही सतत एका बाजूला ओढले जातील. मॅग्नेटोच्या आत आर्मेचर आणि पोल यांच्यातली फट अगदी बारीक असते, बेअरिंग घासून आर्मेचर आत टेकायला लागलं की मग रिवाइंडिंगचाच खर्च. त्यामुळे आधी ती चेन सैल करा, बाकीचं नंतर.

आता एक गोष्ट आकड्यांत बघा म्हणजे हात किती हलका ठेवायचा ते कळेल. समजा दोन स्प्रॉकेटमधला चेनचा मोकळा पट्टा 100 मिमी आहे. मधोमध वर 3 आणि खाली 3, असा एकूण 6 मिमी खेळ असेल तर चेनची जादा लांबी किती असते माहितीये? 0.2 मिमीच्या आत. हाच खेळ 12 मिमी असेल तर जादा लांबी 0.7 मिमीच्या आसपास, आणि 20 मिमी असेल तर जवळपास 2 मिमी. आणि मॅग्नेटो मागे सरकवला की चेनचे वरचा आणि खालचा असे दोन्ही पट्टे लांबतात, म्हणजे 12 मिमीचा खेळ 6 वर आणायला मॅग्नेटो पाव मिमीच सरकवावा लागतो. पाव मिमी म्हणजे स्क्रूड्रायव्हर प्लॅटफॉर्मखाली घालून जरासा टेकवला की झालं, जोर लावून उचकटायचं काम हे नाहीच. जोर लावला की 6 मिमीचा शून्य व्हायला वेळ लागत नाही.

मग किकबॅक, म्हणजे किक उलटी मागे मारते ती. तो टायमिंगचा, म्हणजे स्पार्क कधी पडतो त्याचा प्रकार आहे. चेन सैल असताना गाडी ठीक चालू होत होती कारण चेन वर्षानुवर्षं हळूहळू घासत गेली आणि टायमिंग हळूहळू मागे पडत गेलं, मधे कुणीतरी कदाचित त्या ढिल्या चेनवरच टायमिंग नव्याने लावलं असेल. आता मॅग्नेटो मागे सरकवला की काय होतं बघा. कॅमशाफ्टचं स्प्रॉकेट चेन ओढतंय, म्हणजे एक पट्टा ताणलेला आणि दुसरा सैल. मॅग्नेटो लांब गेला की ताणलेला पट्टाही लांबायला हवा, ती जादा लांबी येणार कुठून, तर मॅग्नेटोच्या स्प्रॉकेटवरून थोडी चेन उलगडून. ती उलगडताना स्प्रॉकेट ज्या दिशेला रोज फिरतं त्याच दिशेला थोडं पुढे फिरतं. म्हणजे स्पार्क आधी पडायला लागतो, टायमिंग अॅडव्हान्स झालं.

किती? समजा स्प्रॉकेटला 16 दात आहेत आणि चेन 3/8 इंच पिचची, म्हणजे दोन पिनांमध्ये तेवढं अंतर असलेली आहे. अशा स्प्रॉकेटची त्रिज्या साधारण 24 मिमी येते. मॅग्नेटो 1 मिमी सरकला तर स्प्रॉकेट सव्वादोन-अडीच अंश फिरतं, आणि मॅग्नेटो इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे क्रँकवर तेच जवळपास पाच अंश होतात. 12 वरून 6 मिमी खेळ केला तर फरक फार तर अंश-दीड अंशाचा, तो बहुतेकांना चालवताना कळतही नाही. पण तुमची चेन दोन सेंटीमीटर लोंबत होती आणि तुम्ही ती पार ताणलीत, तिथे चार-पाच अंश सहज पुढे गेले. बहुतेक जुन्या सिंगल्सना फुल अॅडव्हान्स 35 ते 40 अंशांच्या आसपास असतो, त्यात आणखी पाच घातले तर गाडी किकला मारणारच. पायाला लागलं नाही ना? लागलं नसेल तर बरं, पण आता टायमिंग तपासल्याशिवाय ती किक मारू नका.

इथे अजून एक गुंता आहे. तुमच्यासारख्या बऱ्याच सिंगल्सना प्लॅटफॉर्म सरळ मागे सरकत नाही, एका बोल्टवर तो झुलतो. म्हणजे मॅग्नेटोचं अख्खं शरीर थोडं वाकडं फिरतं आणि त्याच्याबरोबर पॉइंट (उघडले की स्पार्क पडतो ते संपर्क) उघडणारी कॅम रिंगही फिरते. शरीर 1 अंश फिरलं की क्रँकवर 2 अंशांचा फरक, आणि तो वरच्या हिशोबात भर घालतो की वजा करतो ते गाडीच्या रचनेवर आणि फिरण्याच्या दिशेवर अवलंबून. म्हणून मी वर जो हिशोब दिला तो फक्त प्रमाण कळावं म्हणून, त्यावर विसंबून टायमिंग लावायचं नाही. चेन लावली की टायमिंग मोजायचं, दर वेळेला, खेळ किंचितच बदलला असला तरी. माझं या सगळ्या विषयावर एकच ठाम मत आहे, चेन अॅडजस्ट करणं आणि टायमिंग तपासणं ही दोन कामं नाहीत, ते एकच काम आहे.

प्रश्न: चेनचा खेळ मोजताना एका जागी 4 मिमी येतो, थोडं इंजिन फिरवलं की 9 मिमी. नेमकं कुठलं धरू? आणि असं का होतं?

4 मिमीवालं धरा, आणि तिथे 5-6 होईपर्यंत सैल करा. मग सैल जागी तो 10 च्या आसपास होईल, तूर्त तो चालतो. उलटं केलंत, म्हणजे सैल जागी 6 ठेवलात, तर घट्ट जागी चेन बॅन्जोच्या तारेसारखी होईल आणि दर फेरीला बेअरिंगवर एक झटका बसेल.

शोधायची पद्धत सांगतो. प्लग काढा म्हणजे कॉम्प्रेशन आडवं येणार नाही, गाडी टॉप गिअरमध्ये घालून मागचं चाक पुढच्या दिशेला हळूहळू फिरवा. स्प्रॉकेट पाव फेरी फिरलं की थांबा, चेनच्या सैल पट्ट्यावर मधोमध बोट ठेवा आणि मागे स्टीलची पट्टी धरून वर-खाली किती जाते ते बघा. बोटाने हलकंच दाबायचं, चेन वाकवायची नाही. घट्ट जागा सापडली की स्प्रॉकेटवर आणि चेनवर खडूने खूण करा आणि अजून खूप वेळा फिरवा. हे खूप वेळा का, तर त्यातच कारणही सापडतं. दोन्ही स्प्रॉकेटचे दात सारखेच असतात, त्यामुळे स्प्रॉकेटवरची खूण दर फेरीला त्याच जागी येते. घट्टपणा दर फेरीला तिथेच आला तर एखादं स्प्रॉकेट सेंटरमधून हललेलं आहे, बऱ्याचदा टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर) कचऱ्याचा कण किंवा ओरखडा राहून ते किंचित वाकडं बसलेलं असतं. घट्टपणा चेनच्या खुणेबरोबर भटकत असेल तर चेन असमान घासलेली किंवा एखादी कडी आखडलेली आहे. कडी आखडली असेल तर ती हाताने वळवताना कळते, बाकीच्या सहज लवतात आणि ती एक अडते. रॉकेलमध्ये धुऊन, तेलात भिजवूनही सुटली नाही तर चेन बदला, उगाच जीव लावून बसू नका.

4 आणि 9 मधला फरक मला जास्त वाटतो. दोन-तीन मिमीचा फरक जुन्या गाडीत असतोच, पाच मिमी म्हणजे चेन किंवा स्प्रॉकेट यातलं काहीतरी संपलंय.

प्रश्न: चेन बदलायची वेळ आली हे नेमकं कसं ओळखायचं? बघायला तर ती चांगली दिसते.

बघून काही कळत नाही, मोजूनच कळतं. चेन काढा, धुवा, टेबलावर ठेवून हलकी ताणा आणि 20 पिच मोजा, म्हणजे एका पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत. 3/8 इंच पिचची नवीन चेन असेल तर हे 190.5 मिमी येतं. साधारण चेनसाठी 2 टक्के लांबली की बदला म्हणतात, म्हणजे 194.3 मिमी. पण मॅग्नेटो चेनला मी एवढी सूट देणार नाही, 1 टक्क्यालाच म्हणजे 192.4 मिमीला बदलून टाका, कारण हिचं काम ताकद पोचवण्याचं कमी आणि वेळ पाळण्याचं जास्त आहे. दुसरी साधी खूण, चेन आडवी, म्हणजे बाजूची पट्टी खाली करून दोन्ही हातांत धरा, नवीन चेन जवळपास सरळ राहते, घासलेली खाली कमान घेते.

नवीन चेन जुन्या स्प्रॉकेटवर बसवण्याआधी दात बघा. एका बाजूने आकड्यासारखे झुकले असतील तर नवीन चेन त्यावर लवकर खराब होईल. पण खरं सांगायचं तर मॅग्नेटोचा भार इतका कमी असतो की तेल-ग्रीस मिळत राहिलं तर स्प्रॉकेट फार फार वर्षं टिकतात, मी आकडा झालेले दात बघितलेत ते बहुतेक कोरड्या चाललेल्या गाड्यांमध्येच.

जोड-कडीची स्प्रिंग क्लिप बसवताना बंद टोक चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला, उघडं टोक मागे. चेनकेस अरुंद असते, क्लिप सुटली तर आत कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून जुनी ढिली क्लिप परत वापरू नका.

प्रश्न: चेन बदलल्यावर टायमिंग कसं तपासायचं ते पायरी-पायरीने सांगाल का? बॅटरी आणि बल्ब लावून बघितलं तर बल्ब पेटलेलाच राहतो, विझत नाही.

बल्ब विझत नाही कारण पॉइंट उघडले तरी करंट मॅग्नेटोच्या प्रायमरी कॉइलमधून जातच राहतो, त्या कॉइलचा रेझिस्टन्स अगदी कमी असतो, एक ओहमच्याही आत. बल्बला दोन्ही सारखंच वाटतं. कॉइल इग्निशनची युक्ती इथे चालत नाही. जुनी पद्धत घ्या, पातळ कागद.

सुरुवात पॉइंट गॅपपासून. लुकासच्या मॅग्नेटोला 0.012 इंच, म्हणजे 0.30 मिमी, पॉइंट पूर्ण उघडले असताना. गॅप आधी का, तर गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंगच बदलतं, म्हणून टायमिंग लावून नंतर गॅप लावला तर केलेलं सगळं वाया. पॉइंटचे तोंड जळालेले असतील तर घासून सपाट करा, फिलर गेज खड्ड्यात खोटं बोलतं.

मग टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक. पिस्टन वर आला हे काडीने बघून भागत नाही, कारण वरच्या टोकाला पिस्टन जवळपास हलतच नाही. 93 मिमी स्ट्रोकच्या इंजिनात टीडीसीच्या अलीकडे पाच अंशांत पिस्टन पाव मिमीसुद्धा सरकत नाही. म्हणजे काडीच्या हिशोबाने पाच अंश चूक सहज होते, आणि आपण भांडतोय तेही पाच अंशांसाठीच. क्रँकवर डिग्री डिस्क (अंशांच्या खुणांची चकती) लावा आणि प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉप बसवा, इंजिन हाताने हळू एकीकडे टेकेपर्यंत फिरवा, आकडा लिहा, मग दुसरीकडे टेकेपर्यंत फिरवा, दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये टीडीसी. स्टॉप काढायला विसरू नका. हँडबुकात टायमिंग अंशांऐवजी इंचात किंवा मिमीत दिलं असेल तर मात्र टीडीसी नक्की केल्यावर पिस्टन तेवढा खाली आणून डिस्कवर खूण करून घ्या, तिथे पिस्टन बऱ्यापैकी वेगात असतो त्यामुळे मोजायला सोपं जातं.

हँडलवरचा अॅडव्हान्सचा लिव्हर फुल अॅडव्हान्सला टाका, पण लिव्हरवर विश्वास ठेवू नका, पॉइंटचं झाकण काढून कॅम रिंग खरंच शेवटपर्यंत गेली का ते बघा. काही गाड्यांमध्ये केबल ताणली की अॅडव्हान्स, काहींमध्ये सोडली की. केबल अडकली असेल तर तुम्ही अर्ध्या अॅडव्हान्सवर टायमिंग लावाल आणि रस्त्यावर ते कितीतरी पुढे जाईल.

आता कॉम्प्रेशन स्ट्रोकवर इंजिन साधारण पाव फेरी मागे न्या, पॉइंटमध्ये सिगरेटच्या कागदासारखा पातळ कागदाचा तुकडा ठेवा आणि तो दोन बोटांत अगदी हलका ओढून धरा. इंजिन फक्त पुढच्याच दिशेने फिरवत आणा. ज्या क्षणी कागद सुटतो तो पॉइंट उघडण्याचा क्षण, तिथे थांबून डिस्क वाचा. पुढे निघून गेलात तर थोडंसं मागे घेऊन वाचू नका, पुन्हा चांगलं पाव फेरी मागे जा आणि परत पुढे या. चेनमध्ये आपण मुद्दाम ठेवलेला खेळ आहे ना, उलट फिरवलं की तो खेळ दुसऱ्या पट्ट्यात जातो आणि तुम्हाला खोटा आकडा दिसतो. दोन-तीनदा वाचा, तोच आकडा यायला हवा. दर वेळी वेगळा येत असेल तर चेनपेक्षा कॅमशाफ्ट बुश किंवा मॅग्नेटोच्या बेअरिंगकडे बघायची वेळ आली आहे.

आकडा हँडबुकाच्या एक-दोन अंश इकडेतिकडे असेल तर मी हात लावणार नाही. त्यापेक्षा जास्त असेल तर स्प्रॉकेट टेपरवरून सोडवावं लागेल. बऱ्याच गाड्यांमध्ये स्प्रॉकेट नुसत्या टेपरवर बसतं, चावी नसते, त्यामुळे हवं तिथे लावता येतं, सोय तीच आणि धोकाही तोच. नट ढिला करा, योग्य पुलर लावून स्प्रॉकेट सोडवा. आर्मेचरच्या टोकावर हातोडी नको. कृपा करून नको. आत कॉइल, स्लिप रिंग, बेअरिंगचे कप सगळं नाजूक आहे, एका फटक्यात काय गेलं ते लगेच दिसत नाही, गाडी महिन्याने गरम झाल्यावर बंद पडते आणि मग कारण शोधत बसावं लागतं. टेपरच्या दोन्ही बाजू पेट्रोलने पुसून पूर्ण कोरड्या करा, तेलाचा थेंबही नको, टेपर घर्षणावर धरतो. पॉइंट नुकते उघडतायत अशा स्थितीत आर्मेचर धरून, चेनचा ओढणारा पट्टा ताणलेला ठेवून स्प्रॉकेट हाताने दाबा, नळीच्या तुकड्याने हलकं ठोकून बसवा आणि नट आवळा. नट आवळताना स्प्रॉकेट थोडं सरकतंच, म्हणून आवळल्यावर कागद घेऊन परत वाचा. वैतागवाणं वाटतं पण दुसरा इलाज नाही.

आणि चेन काढली होती म्हणून सांगतो, परत चढवताना एक दात चुकला तर वरच्या 16 दातांच्या उदाहरणात ते मॅग्नेटोवर साडेबावीस आणि क्रँकवर 45 अंश होतात. गाडी एकतर चालूच होणार नाही किंवा कार्बोरेटरमधून थुंकेल. काढण्याआधी दोन्ही स्प्रॉकेटवर खुणा करून फोटो काढून ठेवा.

प्रश्न: नट आवळले की चेनचा खेळ परत बदलतो. तीनदा केलं, तीनदा तेच. काय करू?

प्लॅटफॉर्मचा नट फिरताना प्लॅटफॉर्मलाही थोडं ओढतो, आणि वर बघितलंच की इथे पाव मिमीने सगळं बदलतं. नटाखालचे वायसर बघा, वाकलेले किंवा नटाने खोदलेले असतील तर बदला. प्लॅटफॉर्म आणि इंजिन प्लेटच्या मधला रंगाचा जाड थर खरवडून काढा, रिस्टोरेशननंतर नव्याने पावडर कोटिंग केलेल्या गाड्यांमध्ये ही तक्रार जास्त येते कारण कोटिंग दबत राहतं. सगळे नट आधी हातघट्ट, मग थोडे थोडे आळीपाळीने आवळा, एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. आणि ओढ कुठल्या बाजूला आहे ते एकदा कळलं की तेवढा खेळ आधीच जास्त किंवा कमी ठेवून आवळा. आवळल्यानंतर जो खेळ मोजाल तोच खरा. आवळून झाल्यावर दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडावर सरळ पट्टी टेकवून ती एका रेषेत आहेत का तेही बघून घ्या, मॅग्नेटो तिरका बसला तर चेन एका बाजूच्या पट्ट्यांवर घासत राहते.

प्रश्न: चेनकेसमध्ये ग्रीस भरायचं की तेल? मी तेल भरलं तर मॅग्नेटोच्या पॉइंटवर तेल आलं.

गाडीनुसार बदलतं. काही इंजिनांत चेनला टायमिंग केसमधूनच तेल मिळतं, काहींची चेनकेस बंद आणि कोरडी, तिथे हलकं ग्रीस लावायचं असतं. ज्या केसला ग्रीस सांगितलंय तिथे तेल ओतलं की ते आर्मेचरच्या शाफ्टवरून सील ओलांडून मॅग्नेटोत जातं, तुमचं तेच झालंय. पॉइंटवर तेल म्हणजे ते जळून काळे पडतात आणि गाडी तुटक चालते. केस रिकामी करा, मॅग्नेटोच्या शाफ्टवरचं सील बदला, पॉइंट पेट्रोलने पुसा. ग्रीसही ठासून भरू नका, चेनवर आणि कड्यांत शिरेल एवढं पुरे. टायमिंग केसमधून तेल मिळणाऱ्या गाडीत पॉइंटवर तेल आलं तर दोष सीलचाच, तेल कमी करून तो लपवू नका.

प्रश्न: माझी नॉर्टन डॉमिनेटर आहे. तिच्यात टायमिंग कव्हरमागे दोन चेन दिसतात, कुठली अॅडजस्ट करायची?

कॅमशाफ्टकडे जाणारी चेन स्लिपर टेन्शनरवर असते, मॅग्नेटोची चेन मॅग्नेटोचे नट ढिले करून तो सरकवून लावायची. दोन्ही बघा, दोन्ही चेन मधल्या गिअरवरच्या स्प्रॉकेटवरून वेगवेगळ्या निघतात, त्यामुळे एकीच्या ढिलाईने दुसरीचं टायमिंग बिघडत नाही. मॅग्नेटोच्या स्प्रॉकेटवर ऑटो अॅडव्हान्स (वेग वाढला की वजनं उघडून स्पार्क आपोआप आधी पाडणारी रचना) असेल तर टायमिंग बघताना त्याची वजनं पूर्ण उघडून लाकडाची छोटी पाचर घालून अडकवा, नाहीतर तुम्ही रिटार्डवर, म्हणजे स्पार्क उशिरा पडण्याच्या स्थितीत वाचून फुल अॅडव्हान्सचा आकडा लावाल. काम झालं की पाचर काढा.

प्रश्न: बीएसए एम20 ची मॅग्नेटो चेन कुठे असते? कव्हर काढलं, मला फक्त गिअर दिसले.

बरोबर दिसलं तुम्हाला, तिच्यात चेन नाहीच. एम20 चा मॅगडायनो (मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र) गिअरने फिरतो, बीएसएच्या ए7, ए10 आणि जुन्या ट्रायम्फ ट्विनमध्येही मॅग्नेटो गिअरवरच. तिथे ताण लावायचं काही नसतं, फक्त गिअरचे दात एकमेकांत किती बसलेत ते बघायचं. एम20 मध्ये मॅगडायनोखाली पातळ शिम घालून किंवा काढून ते जुळवतात. दातांमध्ये हाताला जेमतेम जाणवेल एवढा खेळ ठेवा, पूर्ण फेरी फिरवून सगळीकडे तो आहे ना ते बघा. घट्ट बसवले तर गिअर रडतात, फार सैल असले तर आयडलला खडखडतात. शिम बदलली की टायमिंग तुम्हालाही तपासावं लागेल, कागद आणि डिग्री डिस्क तीच.